मोटारीतील नियंत्रकांचा संवाद व त्यातील बिघाडांचे निदान : एक ऐतिहासिक अभ्यास
(मुरुम परिसराच्या विशेष संदर्भात)

बीजशब्द : मोटार-दुरुस्ती, नियंत्रक, कॅन जाळे, दोष-संकेत, साधनचिकित्सा, दुरुस्तीचा हक्क

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास सर्वसाधारणपणे कारखान्याच्या बाजूने लिहिला जातो. कोणत्या साली कोणते वाहन बाजारात आले, कोणत्या उद्योगपतीने कोठे कारखाना उभारला, याच्या नोंदी मुबलक आढळतात. परंतु तेच वाहन पुढे पंधरा-वीस वर्षे रस्त्यावर चालते ठेवणाऱ्या मिस्त्रीच्या ज्ञानाचा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. हे ज्ञान हातात आणि कानात असते. त्याची दप्तरे नसतात. म्हणूनच ते अभ्यासकाच्या दृष्टीआड राहते.

प्रस्तुत लेखात या ज्ञानाच्या एका अगदी अलीकडच्या शाखेचा विचार केला आहे. आजच्या मोटारीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग, दर्शक-फलक यांसाठी स्वतंत्र संगणकीय नियंत्रक असतात व ते दोन तारांवरून परस्परांशी सतत संवाद साधतात. हा संवाद खंडित झाला की मोटारीचा कोणताही भाग मोडलेला नसताना मोटार आजारी पडते. असा बिघाड कसा ओळखावा, हे ज्ञान कोठे निर्माण झाले, ते कोणाच्या हाती राहिले आणि धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील मुरुमसारख्या गावापर्यंत ते कोणत्या स्वरूपात पोचले, हा या लेखाचा विषय आहे. मुरुमची निवड प्रस्तुत लेखकाच्या परिचयामुळे झाली आहे हे खरे. तथापि सोलापूर-हैदराबाद महामार्गापासून थोडे आत, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेले व श्री विठ्ठलसाई सहकारी साखर कारखान्यामुळे वाहनांची वर्दळ असलेले हे गाव अशा अभ्यासास सोयीचे आहे. अधिकृत सेवाकेंद्रे मोठ्या शहरांत आहेत आणि वाहने मात्र गावात बंद पडतात.

कानाने ऐकण्याचा काळ

हा भूभाग १९४८ पर्यंत निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या रेल्वे व रस्ते वाहतूक खात्याने १९३२ मध्ये सत्तावीस बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली, ही या प्रदेशातील संघटित मोटार-वाहतुकीची सुरुवात होय. त्या काळापासून ते थेट विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दुरुस्तीचे मूळ तत्त्व बदलले नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी असो, अँबॅसडर असो वा महिंद्रांची जीप असो, मिस्त्री प्रथम ऐकत असे. प्लगमधून ठिणगी येते का, पॉइंट जळले आहेत का, कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला आहे का, या तीन प्रश्नांत बहुतेक आजार सापडत. विजेच्या तारा मोजक्या होत्या आणि प्रत्येक तारेचे काम एकच होते. दिव्याची तार दिव्याकडे जाई, हॉर्नची हॉर्नकडे. एक छोटा टेस्ट लॅम्प घेऊन तार तपासत गेले की तुटलेली जागा हाती लागे. कारण आणि परिणाम एकाच तारेच्या दोन टोकांना असत, हे या काळाचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

चावडीवरील संभाषण

१९७० नंतरच्या दशकांत इलेक्ट्रॉनिक इंधन-नियंत्रण व अँटिलॉक ब्रेक या सोयी पाश्चात्त्य मोटारींत आल्या आणि तारांचे जंजाळ वाढू लागले. चाकाचा वेग ब्रेकच्या नियंत्रकाला हवा, इंजिनच्या नियंत्रकाला हवा आणि स्पीडोमीटरलाही हवा. प्रत्येकासाठी वेगळी तार ओढायची, तर वाहनाचे वजन, खर्च आणि बिघाडाच्या जागा वाढणार. यावर उपाय म्हणून जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ मध्ये काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथील अभियंत्यांच्या परिषदेत ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’, संक्षेपाने ‘कॅन’, ही पद्धती मांडली. १९८७ मध्ये इंटेल व फिलिप्स यांनी तिच्यासाठी चिप तयार केल्या, १९९० च्या दशकाच्या आरंभी मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास मोटारीत ती वापरली गेली आणि १९९३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

या पद्धतीचे कार्य समजून घेण्यास गावच्या चावडीचे उदाहरण उपयोगी पडते. चावडीवर जो बोलतो त्याचे बोलणे सर्वांना ऐकू येते; ज्याला ते उपयोगाचे असेल त्याने ते घ्यावे. कॅनच्या तारांवरही निरोप कोणा एकाला उद्देशून नसतो. ‘चाकाचा वेग इतका आहे’ असे ब्रेकचा नियंत्रक जाहीर करतो व ज्याला गरज आहे तो ते उचलतो. दोघे एकदम बोलू लागले तर काय? प्रत्येक निरोपाला एक क्रमांक असतो. क्रमांक जितका लहान, तितका त्याचा मान मोठा. मोठ्या क्रमांकाचा निरोप देणारा आपण होऊन थांबतो आणि मान असलेला निरोप एका अक्षराचीही हानी न होता पुरा होतो. (आपल्या चावड्यांवर ही शिस्त सदैव पाळली गेली असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही.)

या पद्धतीत चुकीची दखल घेण्याची व्यवस्थाही अंतर्भूत आहे. प्रत्येक नियंत्रक आपल्या चुकांचा हिशेब ठेवतो. चूक झाली की आकडा वाढतो, निरोप नीट गेला की कमी होतो. हा आकडा १२७ च्या पुढे गेला की नियंत्रक इतरांच्या बोलण्यात हरकत घेण्याचा आपला अधिकार सौम्य करतो. पाठवण्याच्या चुकांचा आकडा २५५ च्या पुढे गेला की तो तारांवरून स्वतःला पूर्णपणे अलग करतो. आपल्या बिघाडाने सर्वांचे संभाषण बिघडू नये म्हणून त्याने घेतलेले हे मौन असते. येथेच निदानाची पहिली अडचण उद्भवते. गप्प झालेला नियंत्रक मेलेला आहे, उपाशी आहे, की त्याने स्वतःहून मौन धरले आहे, हे बाहेरून सारखेच दिसते.

तारांची रचना साधी आहे. दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात. तारांना पीळ देऊन बाहेरचा गोंगाट टाळण्याची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच दूरध्वनीसाठी वापरली होती. शांत असताना दोन्ही तारांवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. बोलताना एक साडेतीनपर्यंत चढते व दुसरी दीडपर्यंत उतरते. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध बसवलेला असतो, त्यामुळे बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मोजले असता मल्टिमीटरवर सुमारे ६० ओहम दिसतात. १२० दिसले तर एका टोकाशी संबंध तुटला आहे. शून्याजवळ दिसले तर दोन तारा कोठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालील तारायंत्राची केबल तुटली असता किनाऱ्यावर बसून रोध मोजून तुटीची जागा शोधत असत. दीडशे वर्षांपूर्वीची तीच विद्या आज काही शे रुपयांच्या मीटरमध्ये मिस्त्रीच्या खिशात आहे, ही बाब तंत्रज्ञानाच्या इतिहासात लक्षणीय मानावी लागेल.

दिल्लीचे नियम आणि गावातील मोटार

भारतात हे नियंत्रक ग्राहकाने मागितले म्हणून आले असे नाही. ते प्रामुख्याने नियमांच्या मागून आले. १ एप्रिल २००० पासून धूर-नियंत्रणाचे भारत टप्पा एक समकक्ष नियम देशभर लागू झाले आणि कार्ब्युरेटरची जागा संगणक-नियंत्रित इंधन-पुरवठ्याने घेण्यास वेग आला. एप्रिल २०१० पासून वाहनातच दोष नोंदवणारी ‘ओबीडी’ व्यवस्था पहिल्या स्वरूपात व एप्रिल २०१३ पासून अधिक कडक स्वरूपात बंधनकारक झाली. नव्या मोटारींना अँटिलॉक ब्रेक एप्रिल २०१९ पासून व चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. भारत टप्पा सहा १ एप्रिल २०२० रोजी आला. प्रत्येक नियमाबरोबर तारांवर बोलणारा एखादा नवा सदस्य वाढला वा असलेल्याचे बोलणे वाढले. हे नियम आवश्यकच होते. त्यांनी हवा व जीव दोन्ही वाचवले आहेत. परंतु त्यांच्याबरोबर मिस्त्रीने काय शिकावे व कोणाकडून शिकावे, याचा विचार त्या प्रमाणात झाला नाही.

पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६६ पासून कार्यरत आहे. पिंपरी, चाकण, रांजणगाव, तसेच मराठवाड्यातील शेंद्रा येथे मोटारी जोडल्या गेल्या. म्हणजे या विद्येची मोठी केंद्रे महाराष्ट्रातच आहेत. तरीही ती विद्या कारखान्याच्या फाटकातून अधिकृत सेवाकेंद्रापर्यंत येते आणि तेथेच थांबते.

या ठिकाणी एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद नोंदवला पाहिजे. मोटारीत चालकाच्या पायाजवळ सोळा छिद्रांचे एक सॉकेट असते. त्यातील सहाव्या व चौदाव्या छिद्रात कॅनच्या दोन तारा येतात. हे सॉकेट व त्यातून मिळणारी इंजिनविषयक माहिती प्रमाणित झाली, कारण कायद्याला धुरात रस होता. अमेरिकेत १९९६ पासून व युरोपात पेट्रोल मोटारींसाठी २००१ पासून हेच घडले. ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग, दरवाजे यांच्या नियंत्रकांशी बोलण्याची भाषा मात्र बव्हंशी प्रत्येक कंपनीची स्वतःची राहिली. २००५ च्या सुमारास आलेल्या ‘ईएलएम ३२७’ या कॅनडातील चिपच्या स्वस्त नकला आज गावोगावच्या गॅरेजमध्ये मोबाइलला जोडून वापरल्या जातात. त्यांना सामान्यतः इंजिनाचेच ऐकू येते. इतरांची दारे बंद असतात.

दोष-संकेत : एक साक्ष

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या विषयात रस वाटावा असे खरे कारण येथे आहे. संवाद तुटला की नियंत्रक आपल्या स्मृतीत एक दोष-संकेत नोंदवतो. इंजिनचे दोष ‘पी’ अक्षराने, चेसिसचे ‘सी’ने, बॉडीचे ‘बी’ने व जाळ्यातील संवादाचे ‘यू’ने सुरू होतात. ‘यू ०१००’ याचा अर्थ इंजिनच्या नियंत्रकाशी संपर्क तुटला, ‘यू ०१२१’ याचा अर्थ अँटिलॉक ब्रेकच्या नियंत्रकाशी संपर्क तुटला. नवशिक्या वाचक या संकेताचा अर्थ ‘ब्रेकचा नियंत्रक खराब झाला’ असा लावतो. संकेत तसे म्हणतच नाही. तो एवढेच म्हणतो की, मी ऐकत होतो व मला अमुक एकाचा आवाज आला नाही. ही साक्ष आहे, निकाल नव्हे. शिवाय ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याची नसून दुसऱ्याचीच आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना बखरींच्या विश्वसनीयतेची कठोर तपासणी केली व समकालीन अस्सल पत्रांना अग्रस्थान दिले. ही साक्ष कोणाची, तो प्रसंगी कोठे होता, त्याला काय दिसू शकत होते व काय दिसणे शक्य नव्हते, हे प्रश्न आपण वर्गात विद्यार्थ्यांना विचारायला शिकवतो. संवादातील बिघाडाचे निदान करणाऱ्याला नेमके हेच प्रश्न विचारावे लागतात. एकाच नियंत्रकाविषयी सर्वांची तक्रार असेल तर मुख्य तारा शाबूत आहेत, कारण तक्रारदार आपापसांत बोलत आहेत. मग त्या एकाची शाखा, त्याचा वीजपुरवठा व अर्थिंग तपासावे. सर्वांची सर्वांविषयी तक्रार असेल तर दोष चावडीतच आहे. मग एकेक नियंत्रकाचा कपलर काढत जावे आणि कोणाला काढल्यावर इतरांचे बोलणे सुरू होते ते पाहावे. आणि सगळ्या तक्रारी एकाच क्षणी नोंदल्या गेल्या असतील, तर त्या क्षणी बॅटरीच मलूल झाली होती काय, हे आधी विचारावे.

एक प्रसंग

प्रस्तुत लेखकाच्या जुन्या मोटारीबाबत एका पावसाळ्यात असा प्रसंग घडला. उमरग्याहून मुरुमकडे येताना खड्ड्यातून गाडी गेली की स्पीडोमीटरचा काटा एकदम शून्यावर पडे आणि ब्रेकचा पिवळा दिवा लागे. थोड्या वेळाने सर्व पूर्ववत होई. शहरातील एका सेवाकेंद्रात गाडी दाखवली. त्यांनी संगणक लावला, कागद छापला आणि अँटिलॉक ब्रेकचा संपूर्ण नियंत्रक बदलण्याचा सल्ला दिला. सांगितलेली रक्कम सहायक प्राध्यापकाच्या वेतनाशी स्पर्धा करणारी होती. गाडी तशीच परत आणली.

मुरुममधील ज्या मिस्त्रीकडे ती नेली, त्यांच्याकडे मोबाइलवर चालणारा साधा स्कॅनर आणि एक मल्टिमीटर एवढीच सामग्री होती. स्कॅनरवर ‘यू ०१२१’ उमटले. ते म्हणाले, “सर, इंजन म्हणतंय एबीएस बोलत न्हाई. एबीएसचं काय म्हणणं हाय, ते आपल्याला ऐकू येत न्हाई.” साधनचिकित्सेवर अनेक व्याख्याने ऐकलेल्या प्रस्तुत लेखकाला एकपक्षीय साधनाची एवढी नेमकी व्याख्या पूर्वी आढळली नव्हती.

पुढे त्यांनी केले ते असे. बॅटरीची ऋण तार सोडवून काही मिनिटे थांबून सहाव्या व चौदाव्या छिद्रात रोध मोजला. तो साठच्या आसपास आला. म्हणजे मुख्य तारा व दोन्ही टोके ठीक होती. मग बॅटरी जोडून, चावी फिरवून, ब्रेकच्या नियंत्रकाची अर्थ-तार व बॅटरीचे ऋण टोक यांत व्होल्ट मोजले. तेथे फार तर एखाद-दोन दशांश व्होल्ट दिसावयास हवेत. एक व्होल्टहून अधिक दिसले. तार हलवली की आकडा नाचे. अर्थिंगची ती तार ज्या बोल्टने पत्र्याला आवळली होती तो बोल्ट गंजला होता. खड्डा आला की संबंध सुटे, नियंत्रकाचा पुरवठा तुटे, तो गप्प बसे आणि इंजिन त्याची तक्रार नोंदवी. बोल्ट घासून, ग्रीस लावून आवळला. त्यानंतर तो दिवा लागलेला नाही.

सेवाकेंद्रातील तंत्रज्ञ अप्रामाणिक होता असे सुचवण्याचा हेतू नाही. त्याच्याकडे उत्तम यंत्र होते व यंत्राने जे छापले ते त्याने वाचले. मिस्त्रीजवळ अपुरे यंत्र होते, म्हणून त्याला दुसरा पुरावा शोधणे भाग पडले. तथापि अपुरेपणाचा गौरव करण्याचेही कारण नाही. बिघाड अर्थिंगमध्ये नसता, नियंत्रक खरोखरच बदलावा लागला असता, तर नव्या नियंत्रकाची त्या विशिष्ट मोटारीशी ओळख पटवून देण्याचे काम मुरुममध्ये होऊ शकले नसते. ते कुलूप कंपनीच्या संगणकानेच उघडते.

ऐकण्याचा अधिकार

हे कुलूप कायद्याच्या दृष्टीने योग्य आहे काय, हा प्रश्न भारतात जानेवारी २०११ मध्ये शमशेर कटारिया यांच्या तक्रारीने स्पर्धा आयोगापुढे आला. सुटे भाग व निदान-यंत्रे केवळ अधिकृत विक्रेत्यांनाच दिली जातात, स्वतंत्र मिस्त्रींना नाकारली जातात, हा तक्रारीचा गाभा होता. चौकशीची व्याप्ती वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार-उत्पादकांना मिळून २५४४.६४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग, दुरुस्तीची माहिती व निदान-यंत्रे स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांनाही उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. अर्धवट ज्ञानाच्या हाती वाहन देणे असुरक्षित आहे आणि सॉफ्टवेअर ही आमची बौद्धिक संपदा आहे, अशी उत्पादकांची बाजू होती. आयोगाला ती पुरेशी वाटली नाही. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत गैरवर्तनाचा ठपका कायम ठेवून दंडाचा हिशेब मात्र सौम्य केला.

सुरक्षिततेचा मुद्दा प्रस्तुत लेखकाला सर्वस्वी पोकळ वाटत नाही. एअरबॅगच्या तारेला चुकीच्या जागी टेस्ट लॅम्प लावला तर काय होऊ शकते, हे जाणकार मिस्त्रीच सांगतात. पण त्यावरचा उपाय शिकवणे हा आहे. न दाखवणे हा नव्हे. युरोपीय संघाने २००७ च्या नियमावलीत स्वतंत्र दुरुस्तीकारांना माहिती देणे उत्पादकांवर बंधनकारक केले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी अशाच कायद्याला कौल दिला. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली व २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींबरोबर शेती-अवजारांचाही समावेश आहे.

शेती-अवजारांचा हा उल्लेख मुरुमच्या दृष्टीने मोटारींहून अधिक निकडीचा ठरतो. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धूर-नियंत्रणाचा पुढील टप्पा लागू झाला आणि त्याबरोबर इलेक्ट्रॉनिक इंधन-नियंत्रण ट्रॅक्टरमध्येही आले. ऊस तोडून झाला आहे, ट्रॉली भरली आहे, आणि उंदराने इंजिनजवळची तार कुरतडल्यामुळे ट्रॅक्टर सुरू होत नाही, असा प्रसंग गळीत हंगामात उद्भवल्यास कंपनीचा माणूस संगणक घेऊन येईपर्यंत तोडलेल्या उसाचे वजन घटत राहते. मोटारवाल्या प्राध्यापकाला चार दिवस एसटीने जाता येते.

उपर्युक्त मिस्त्रींकडे शाळकरी मुलांची असते तशी एक दोनशेपानी वही आहे. तीत तारीख, गाडीचा प्रकार, स्कॅनरवर काय आले, मीटरवर काय आले आणि शेवटी दोष कोठे सापडला, अशा पाच रकान्यांत त्यांनी स्वतःच्या अक्षरात नोंदी केल्या आहेत. तिसऱ्या रकान्यात नियंत्रकांची नावे आहेत. पाचव्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘कपलरमध्ये पाणी’, ‘अर्थ’, ‘उंदीर’, ‘बॅटरी’ असे शब्द आहेत. काही ओळींत पाचवा रकाना कोरा आहे. त्या गाड्या सोलापूरला गेल्या व तेथे काय सापडले हे त्यांना कोणी कळवले नाही. वही पाहू द्यावी, तिची छायाप्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी, अशी विनंती केली असता ते प्रथम हसले आणि मग म्हणाले, कोऱ्या जागा भरल्यावर न्या.